बिट्टू आजीच्या मांडीवर बसला की घरातल्या कुणालाच जवळ येऊ देत नाही, काय करू?

नाशिकची_सून:

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते.

5 आठवड्यांपूर्वी आम्ही एक छोटा कुत्रा दत्तक घेतला. पांढरा पामेरियन, वय 4 च्या आसपास, वजन 7 किलो, नाव बिट्टू (आधीचंच आहे, आम्ही बदललं नाही). आधीच्या घरच्यांची बदली झाली आणि त्यांनी त्याला एका ओळखीच्या बाईंकडे सोडलं, तिथे दोन महिने होता, मग आमच्याकडे आला. घरात मी, नवरा, 7 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

आता गंमत बघा, सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंचाच होता. घरात देवघर आहे, केस पडणार, त्याचं कोण करणार, मी अजिबात हात लावणार नाही, सगळं झालं. आणि बिट्टूने घरात आल्यावर तासाभरात बरोबर त्यांनाच धरलं. दुपारी त्या दिवाणावर बसून फुलवाती करतात तेव्हा हा मांडीवर, संध्याकाळी सिरियल लागली की मांडीवर, रात्री पायाशी. त्या बाथरूमला गेल्या तर दाराला नाक लावून बसतो. आणि आता हात लावणार नाही म्हणणाऱ्या बाई त्याला रोज ब्रश करतात!

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तो मांडीवर असताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. आम्ही हसलो, खरं सांगायचं तर व्हिडिओ पण काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, एवढुसा जीव आणि वाघाचा आव म्हणून सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. परवा नवरा आईंना चहा द्यायला गेला तेव्हा बिट्टूचं अंग एकदम दगडासारखं झालं, डोकं जागेवरच आणि डोळे फक्त तिरके करून बघतोय, आणि ह्याने "काय रे बिट्ट्या" म्हणून दुसरा हात पुढे केला तर टचकन दात लावले. चहा दिवाणावर, कप फरशीवर. अंगठ्याजवळ ओरखडा आणि थेंबभर रक्त आलं, हळद लावली. रेबीजची लस दिलीये असं त्या बाई म्हणाल्या होत्या पण कागद काही मिळाले नाहीत.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. मुलगा रोज रात्री आजीजवळ गोष्ट ऐकायला जायचा, ते आता बंद झालंय कारण बिट्टू पलंगावर असतो. काल माझ्याकडे येऊन विचारतो, आई, आजी आता बिट्टूची झाली का?

नवरा म्हणतो परत देऊन टाकू. सासूबाई म्हणतात तो गेला तर मी पण नणंदेकडे डोंबिवलीला जाते. मी मधल्या मधे. सासूबाईंना मनातून बरं वाटतं हे पण आहे हं, तो गुरगुरला की त्याला कुरवाळत "कोणी नाही रे काही करत माझ्या सोन्याला" सुरू असतं. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, ट्रेनर लावावा का, की हे आपोआप जातं?

---

जनावरांची_डॉक्टर:

ताई, बिट्टूचं नंतर, आधी तुमच्या मिस्टरांचं. रक्त आलंय आणि लसीचा कागद हातात नाही म्हणजे आजच्या आज दवाखान्यात जायचं. सरकारी दवाखान्यात माणसांची रेबीजची लस मोफत मिळते. दोन दिवस होऊन गेले म्हणून आता काय उपयोग असं करू नका, उशिरा गेलं तरी घ्यायचीच असते. पहिला दिवस, तिसरा, सातवा असे डोस चालतात, पुढचं तिथले डॉक्टर जखम बघून ठरवतील, इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का ते पण तेच सांगतील. कुत्रा घरातलाच आहे तर 10 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि हळद, तिखट, चुना यातलं काहीही जखमेवर लावायचं नसतं, नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून 15. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, दर आठवड्याला कोणीतरी हळद लावून येतं.

आता बिट्टू. त्याला व्हेटकडे नेऊन नीट तपासून घ्या, नुसतं वजन आणि ताप नाही. तोंड उघडून दात बघायला सांगा, कान बघायला सांगा, मागच्या पायांच्या वाट्या बघायला सांगा. छोट्या जातींमध्ये दात लवकर खराब होतात आणि पामेरियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं फार कॉमन आहे. दुखणारं कुत्रं एक मऊ सुरक्षित जागा पकडतं आणि तिथे कोणी आलं की घाबरतं. दुखत नसेल तर उत्तम, पण ते बघितल्याशिवाय ट्रेनिंग सुरू करणं म्हणजे दाढ दुखत असलेल्या पोराला पाढे म्हणायला लावणं आहे.

आणि हो, अंग दगडासारखं झालं, डोळे तिरके केले, हे तुम्ही बरोब्बर टिपलंय. तीच पहिली सूचना. त्याच्याही आधी जिभेने नाक चाटणं, उगाच जांभई देणं असं झालं असणार. गुरगुरणं ही तिसरी-चौथी पायरी.

आपोआप जातं का? नाही. गुरगुरल्यावर माणूस मागे जातो हे त्याला कळलंय ना, मग तो ते का सोडेल.

---

काका_सांगलीकर:

एवढं काय त्यात. आमच्याकडं गावी 3 कुत्री होती, एकानंबी कधी मालकावर दात काढला न्हाई. वर्तमानपत्राची गुंडाळी करायची आणि गुरगुरला की एक ठेवून द्यायची, दुसऱ्यांदा करणार न्हाई. ह्या बारक्या कुत्र्यांना लाडानं डोक्यावर चढवून ठेवत्यात. त्याला वाटतंय घरचा मालक तोच. अल्फा कोण हे दाखवून द्या, आधी घरच्यांनी जेवायचं मग त्याला, दारातनं आधी आपण जायचं मग तो.

---

टपोरा_डॅशू:

काका, राग मानू नका पण हाच उद्योग करून मी तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो.

आमचा डॅशहुंड चिंचवडला मित्राच्या ऑफिसमधून आणलेला, 2 वर्षांचा होता. बायकोला धरून बसायचा आणि मी सोफ्यावर टेकलो की गुर्र. मी काका म्हणतात तेच केलं, मोठ्याने ओरडायचो, एक-दोनदा चापट पण मारली. आणि खरंच गुरगुरणं बंद झालं! आठ दिवस मी मित्रांना सांगत फिरलो कसा सरळ केला म्हणून. नवव्या दिवशी मी बायकोच्या हातातून रिमोट घ्यायला वाकलो आणि त्याने आवाज न करता थेट मनगट धरलं, 4 टाके. ट्रेनरने नंतर मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही, की तुम्ही कुकरची शिट्टी काढून ठेवलीत, आतली वाफ आहे तेवढीच आहे.

आणि ते अल्फाचं. हा शब्द ज्यांच्या पुस्तकामुळे जगभर पसरला ते डेव्हिड मीच, लांडग्यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन, पुस्तक 1970 चं. त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, मारामारी करून मालक झालेला कोणी नसतो. आधीचं सगळं पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून काढलेलं होतं. तेव्हा लांडग्यालाच लागू नाही तर 7 किलोच्या पामेरियनला कुठून लागू होणार.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. याला आमच्याकडे "फरशीचा खेळ" नाव पडलं. हॉलमध्ये साधारण 2 फुटी फरश्या असतात ना, त्या मोजायच्या. बायको सोफ्यावर, कुत्रा तिच्या शेजारी (मांडीवर नाही, हे महत्त्वाचं), हलका पट्टा हार्नेसला (छातीभोवती बांधतात तो पट्टा) लावलेला. मी हॉलच्या दारात, म्हणजे 6-7 फरश्या लांब. मी दिसलो की बायको लगेच पनीरचा तुकडा द्यायची, वाटाण्याएवढा, एकामागून एक. मी दिसेनासा झालो की पनीर बंद. बस. मी काही बोलायचं नाही, त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. 10-12 वेळा, सकाळ संध्याकाळ, की संपलं.

पहिले 3 दिवस मला वाटलं हा वेडेपणा आहे. चौथ्या दिवशी मी दारात आलो आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे बघायच्या ऐवजी मान वळवून बायकोच्या हाताकडे बघायला लागला, म्हणजे तो आला, आता पनीर येणार! तो क्षण मला अजून आठवतो. मग एक फरशी पुढे. तिथे परत 3-4 दिवस. कधी एक फरशी मागे जावं लागतं, पाहुणे येऊन गेले की किंवा फटाके वाजले की. सोफ्याच्या कडेला टेकायला मला जवळजवळ 7 आठवडे लागले. पुढे जायची घाई केली की सगळं परत पहिल्या फरशीवर, हे मी दोनदा केलंय.

शेवटच्या दोन-तीन फरश्यांवर असताना मी स्वतः तुकडा टाकायला लागलो, पण हातातून द्यायचा नाही आणि त्याच्या पुढ्यात पण नाही, त्याच्या मागे लांब टाकायचा. म्हणजे तो उठून माझ्यापासून लांब जातो, खातो, आणि परत यायचं का ते त्याचं तो ठरवतो. कळतंय ना, मी आलो की जागा जात नाही, उलट खाऊ येतो आणि दबाव पण नाही.

दुसरं एक, घरातली मजेची कामं वाटून घ्या. आमच्याकडे जेवण, फिरणं, खेळणं सगळं बायकोच करायची, मी फक्त ओरडायला. मग कुत्र्याने माझ्याकडे काय म्हणून बघायचं? बिट्टूचं जेवण आता मिस्टरांनी द्यायचं, फिरायला त्यांनीच न्यायचं.

---

जनावरांची_डॉक्टर:

डॅशूवाल्यांचं बरोबर आहे, त्यात दोन भर घालते. एक, पट्टा हार्नेसलाच लावा, गळपट्ट्याला नको, पामेरियनची श्वासनलिका नाजूक असते, ओढाताणीने खोकला सुरू होतो. आणि घरात पट्टा लावायचा तो कोणी बघत असेल तेव्हाच, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकतो. दोन, सासूबाई कुरवाळतात म्हणून तो बिघडला असं म्हणून घरात भांडण करू नका. घाबरलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नाही. अडचण ही आहे की तो मांडीवर असतो, वरून कोणीतरी वाकतं, त्याला पळायला जागा नाही आणि मग दात हेच एक उरतं. म्हणजे कुरवाळणं चालू ठेवा, फक्त जागा बदला.

दिवाणाच्या बाजूला, त्यांच्या पायाजवळ त्याची स्वतःची गादी. त्यांची एखादी जुनी धुतलेली साडी त्यावर घाला. मांडी काही आठवडे बंद.

---

नाशिकची_सून:

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याने पहिली लस घेतली, डॉक्टरांनी हळदीवरून ओरडा दिला. बिट्टूची उद्याची अपॉइंटमेंट आहे.

एक प्रॅक्टिकल अडचण. बऱ्याच ठिकाणी वाचलं की तो गुरगुरला की मांडीवाल्या माणसाने गुपचूप उठून उभं राहायचं. पण सासूबाईंचे गुडघे! दिवाणावरून उठायलाच त्यांना दोन मिनिटं आणि एक "पांडुरंगा" लागतो. आणि त्यांना मांडी बंद म्हणून कसं सांगू, त्या म्हणतील माझ्यापासून तोडताय त्याला.

आणि आमचं घर शाकाहारी आहे, चिकन जमणार नाही, पनीर सोडून काय चालेल? सासूबाई त्याला शिऱ्यातले बेदाणे काढून देतात.

---

जनावरांची_डॉक्टर:

बेदाणे आजपासून बंद!! द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषारी असतात, किती खाल्ल्यावर त्रास होईल ते सांगता येत नाही, 7 किलोच्या जिवाला थोडे पण पुष्कळ. तपासणीला न्याल तेव्हा हे तिथे सांगा. कांदा, लसूण, चॉकलेट पण नको. उकडलेलं गाजर, लाल भोपळा, सफरचंद बिया काढून, काकडी, आणि त्याचं रोजचं कोरडं खाणं असेल तर त्यातलेच दाणे वापरा. पनीर फक्त फरशीच्या खेळासाठी राखून ठेवा म्हणजे त्याची किंमत राहते. आणि दिवसभरात जेवढा खाऊ जाईल तेवढं जेवण कमी करा.

---

रविवारची_मिसळ:

गुडघ्यांवर माझ्याकडे उपाय आहे कारण आमच्याकडे पण सासूबाईच आहेत, फक्त माझ्या नाही, माझ्या बहिणीच्या. उठायचंच नाही. शेजारी छोटा स्टीलचा डबा ठेवायचा, खाऊचा. कोणी येताना दिसलं की झाकण वाजवायचं आणि तुकडा खाली जमिनीवर टाकायचा. बिट्टू स्वतःच उडी मारून खाली जाईल. दोन-चार दिवसांत झाकणाच्या आवाजालाच खाली उतरायला लागतो, मग त्यावर "खाली" हा शब्द चिकटवायचा. अट एकच, तो गुरगुरायच्या आधी टाकायचा. म्हणून येणाऱ्यानेच दारातून आवाज द्यावा, "आई, येतोय", म्हणजे त्यांना वेळ मिळतो.

सासूबाईंना "मांडी बंद" असं सांगूच नका. सांगा की तुमचंच ऐकतो तो, आमचं कोणाचं ऐकत नाही, तेव्हा त्याला शिकवायचं काम तुमचंच. आमच्याकडे मात्रा लगेच लागू पडली.

आणि मुलाचं. बाकी सगळं सावकाश होऊ दे पण हे आज रात्रीपासून करा. आजीचा पलंग बिट्टूला पूर्ण बंद, रात्री तो दुसऱ्या खोलीत किंवा दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावून बाहेर. गोष्टीची वेळ फक्त नातवाची. मुलगा आणि बिट्टू एका खोलीत एकटे एक मिनिट पण नाही, आणि मुलाने त्याच्याकडे जायचं नाही, लांब बसून हाक मारायची, आला तर लाड, नाही आला तर राहू दे. मिठी नको, तोंडाजवळ तोंड नको. 7 वर्षांच्या पोराला हे कळतं, मोठ्या माणसांनाच कळत नाही.

तो प्रश्न विचारला ना त्याने, आजी बिट्टूची झाली का, तो सासूबाईंना सांगितलात का? सांगा.

---

काका_सांगलीकर:

वाचलं सगळं. लांडग्याचं म्हाईत नव्हतं. पण एक सांगतो, आमची गावची कुत्री दिवसभर शिवारात हिंडायची, ह्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला दुसरं कामच काय, एक बाई धरून बसायचं. फिरवा त्याला जरा.

---

टपोरा_डॅशू:

काका, हे मात्र एक नंबर बोललात. नुसतं खाली नेऊन शू करून वर आणणं म्हणजे फिरवणं नाही. 20-25 मिनिटं, आणि त्याला हुंगू द्यायचं, प्रत्येक खांब, प्रत्येक टायर. आमचा हुंगून आला की दोन तास सपाट पडतो.

---

नाशिकची_सून:

अपडेट द्यायला महिना लागला, सॉरी.

व्हेटने तोंड उघडून बघितलं आणि मलाच दाखवलं, मागची एक दाढ हिरडीपासून काळी, वर किटणाचा थर आणि वास तर विचारू नका. म्हणजे आम्ही त्याला उचलताना, गाल ओढताना बिचाऱ्याला काय होत असेल. रक्त तपासलं, किडनी ठीक आहे देवाच्या कृपेने, मग भूल देऊन ती दाढ काढली, बाकीचे दात साफ केले. कागद नव्हते म्हणून रेबीजची लस पण दिली त्याला, आता फाईल केलीये. नवऱ्याची इंजेक्शनं पण झाली, बिट्टू त्या 10 दिवसांत आणि नंतर पण ठणठणीत.

मला वाटलं होतं दाढ गेली म्हणजे सगळं गेलं. तसं नाही झालं. उचलल्यावर कुरकुरायचा ते लगेच थांबलं पण दिवाणावरचा पहारा तसाच, सवयच लागलेली.

मग फरशीचा खेळ सुरू केला. आमच्या हॉलमध्ये दारापासून दिवाण 7 फरश्या आहेत. नवरा आधी म्हणाला, मी माझ्या घरात माझ्या आईकडे फरश्या मोजत जाऊ? पण गेला. पहिल्या आठवड्यात फक्त दारात यायचं आणि परत जायचं, शेजारच्या काकू बघून गेल्या, त्यांना वाटलं असणार ह्यांच्यात भांडण झालंय. आज तो पाचव्या फरशीवर आहे. मध्ये एकदा त्याने ऑफिसची बॅग खांद्यावर असताना घाईत थेट सहावी गाठली तर बिट्टू परत ताठ झाला, मग दोन दिवस तिसरीवर.

डब्याचं मात्र सासूबाईंनी मनावर घेतलं. हळदीकुंकवाचा जुना स्टीलचा डबा घासून त्यात गाजराचे तुकडे भरतात रोज सकाळी. झाकण टक् झालं की बिट्टू खाली. आता त्या फोनवर नणंदेला सांगतात, मी शिकवलं म्हणून. आम्ही कोणी काही बोलत नाही.

मुलाचा प्रश्न मी त्यांना सांगितला. काही बोलल्या नाहीत. रात्री स्वतः उठून बिट्टूची गादी बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली, जाळी लावली आणि नातवाला हाक मारली. बिट्टू पहिल्या रात्री अर्धा तास रडला, त्यांनी पलंगावरूनच त्याला "झोप आता" म्हणून दटावलं, दुसऱ्या रात्री 10 मिनिटं रडला, मग झोपायलाच लागला.

---

रविवारची_मिसळ:

वाचताना डोळ्यात पाणी आलं हो. पाचवी फरशी म्हणजे भारीच प्रगती आहे. सहावीला जास्त वेळ लागतो, धीर धरा.

---

नाशिकची_सून:

आज शेवटची फरशी झाली!! म्हणजे दिवाणाच्या कडेला नवरा बसला, आई मध्ये, आणि बिट्टू खाली गादीवर. त्याने एकदा वर बघितलं, शेपूट दोनदा आपटलं आणि परत पंजा चाटायला लागला. नवऱ्याने दहा मिनिटं श्वास रोखून धरलेला. चहा दिला आईंना, सांडला नाही.

अजून सगळं नीट नाहीये हं. बाहेरचं कोणी आईंच्या पाया पडायला वाकलं की गुर्र होतंच, वाकणं त्याला अजिबात चालत नाही. आणि मांडी अजून बंदच आहे, दुपारी फक्त मी आणि आई दोघीच असलो की पाच मिनिटं, ते पण त्यांनी मांडीवर थोपटून बोलावलं तर.

आता खरी भीती गणपतीची आहे. आमच्याकडे 5 दिवस असतो, 15-20 माणसं येणार, आरतीला टाळ-झांजा, आणि प्रत्येकजण आईंच्या पाया पडणार. काय करू? नणंद म्हणते बांधून ठेव गॅलरीत.

---

जनावरांची_डॉक्टर:

गॅलरीत बांधू नका, तिथून सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही, तो अख्खा दिवस भुंकून बेजार होईल. आतली खोली, दार बंद, पंखा चालू, त्याची गादी आणि ती साडी, चघळायला काहीतरी. आजपासूनच रोज अर्धा-अर्धा तास त्या खोलीत घरी पाहुणे नसताना पण ठेवायला लागा, म्हणजे त्या दिवशी शिक्षा वाटणार नाही. झांजांचा आवाज मोबाईलवर बारीक लावून पनीर द्या, रोज थोडा मोठा करत जा. दारावर बाहेरून मोठी चिठ्ठी लावा, "उघडू नये", कारण पाहुण्यांमधलं एक तरी पोरगं कुत्रा बघायला जातंच. आरतीच्या आधी लांब फिरवून आणा. आणि कोणी म्हणालं आणा हो बाहेर, आम्हाला नाही भीती वाटत, तर नाही म्हणा.

---

काका_सांगलीकर:

आणि मोदकाचं सारण देऊ नका त्याला, बेदाणे असत्यात.

---

नाशिकची_सून:

हो काका 😄 डब्याच्या झाकणावर आईंनी स्वतः कागद चिकटवलाय, "बेदाणे नाहीत".